भागीचं औषध

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा सुभद्रा लसूण सोलत बसली होती. पलीकडची मुलगी म्हणाली, औषधाचा अभ्यास संपला आहे. कुणाला खरं औषध मिळत होतं आणि कुणाला नुसतीच भुकटी, ते आता उघड झालंय. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर बुधवारी या. सुभद्रा "बरं" म्हणाली, फोन बाजूला ठेवला आणि उरलेल्या पाकळ्या सोलून टाकल्या. नवऱ्याने, गुणाजीने, कुणाचा फोन म्हणून विचारलं तर परळला बोलावलंय एवढंच सांगितलं. तो चिवडा गल्लीतल्या दुकानात कामाला निघाला होता. आणखी काही विचारावं की नाही याचा अंदाज घेत तो उंबऱ्यात जरा रेंगाळला आणि मग गेला.

मैत्रीण कमल गेल्यापासून हे असंच चाललं होतं. सुभद्रा सगळी कामं वेळच्या वेळी करायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, जेवायची, झोपायची, पण तिला काही वाटत नव्हतं. दुःखसुद्धा वाटत नव्हतं. शेजारणी आपसांत म्हणत, बाई घट्ट मनाची आहे. शेजारणींना काय जातंय म्हणायला. मन घट्ट असायला आधी ते जागेवर असावं लागतं, आणि सुभद्रेचं मन कुठे गेलं होतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दोघींची ओळख झाली ती आजारामुळे. आता हा आजार असा, की चारचौघांत त्याचं नाव काढायची सोय नाही. शरीराचे पहारेकरीच घरच्या माणसांना चोर समजून बडवायला लागतात. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं आणि माणसाला सारखं पळावं लागतं. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. ज्यांच्या घरात दोन-दोन संडास आहेत त्यांनी हा आजार खुशाल इंग्रजीत भोगावा. लालबागच्या चाळीत, जिथे मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि सकाळी बादल्यांची रांग, तिथे तो वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. सुभद्रा पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, दिवसा घराबाहेर पडायचं टाळायची, आणि लग्नाकार्याला गेलीच तर आधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवायची.

परळच्या हॉस्पिटलात तपासणीच्या रांगेत कमल तिच्या पुढे होती. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहणारी, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. रांग सोडून पळायची वेळ आली तेव्हा सुभद्रेने कुणाला काही न सांगता पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेली. परत आली तर कमलने नंबर धरून ठेवला होता. ती हसून म्हणाली, "लाजायचं काय त्यात? मी दोनदा जाऊन आले." बस्स, तेवढ्यावर मैत्री झाली. लालबाग ते दादर कुठलं सार्वजनिक शौचालय स्वच्छ आहे आणि कुठल्याला आतून कडी नाही, हे त्या दोघींना तोंडपाठ होतं. जे नवऱ्याशी आणि मुलांशी बोलता येत नव्हतं ते दोघी फोनवर खुशाल बोलायच्या, आणि हसायच्यासुद्धा. गुणाजीला वाटायचं, बायकोला आजार आहे की करमणूक.

मग अक्षता नावाच्या एका तरुण डॉक्टरने दोघींना अभ्यासात घेतलं. ती म्हणाली, मासा असो, दूध असो नाहीतर डाळ, त्यातलं प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात. बरेचसे तुकडे म्हणजे नुसतं अन्न. पण काही बारीक तुकडे आतड्याच्या भिंतीशी असलेल्या पहारेकरी पेशींना शांत करतात, असं उंदरांत दिसलं आहे. तिच्या प्रयोगशाळेने बोंबलाच्या प्रथिनाचे तसे तुकडे करून भुकटी बनवली होती. माणसांत तिचा उपयोग होतो का, ते कुणालाच माहीत नव्हतं. तेच बघायचं होतं. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि वर रोज सकाळी एक पुडी पाण्यातून घ्यायची. अर्ध्या जणांना खरी भुकटी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, तसाच वास मारणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे अक्षतालाही कळणार नव्हतं.

कमलने विचारलं होतं, की मग आम्ही जन्मभर सुके बोंबील खाल्ले ते फुकटच गेले का? अक्षता हसली होती. ताटातल्या बोंबलाचे पोटात कसे तुकडे पडतील त्यावर आपला ताबा नसतो, आम्ही ते ठरवून पाडले आहेत, असं तिने समजावलं. निघताना बजावलं, की आपली पुडी आपणच घ्यायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दोघींनी मान डोलावली.

पहिला महिना सुभद्रेला काडीचा फरक पडला नाही. उलट पुडी फोडताना रोज तोच विचार, की आपल्याला खोटीच मिळाली असणार. नशीब कधी आपल्या बाजूने होतं? तिने कमलला विचारलं, तुला कसं वाटतंय. कमल म्हणाली, "माझं पण तसंच गं. काही नाही." ते ऐकून सुभद्रेला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. तेव्हा तिला अशा दोन-दोन गोष्टी एकदम वाटायच्या.

आता पुढे जे झालं ते लालबागच्या बाईलाच सुचावं. उन्हाळा लागला की इथे मसाला कुटायच्या डंकांची धडधड सुरू होते आणि अख्खी गल्ली शिंकायला लागते. सुभद्रेच्या मजल्यावर मसाला भागीत करायची पद्धत. दोन घरांनी मिळून मिरच्या आणायच्या, भाजायच्या, एकत्र कुटून घ्यायच्या आणि मग निम्मा-निम्मा मसाला वाटून घ्यायचा. एकीची मिरची जहाल निघाली, दुसरीची नुसतीच रंगाला, तरी कुणाचं नुकसान नाही. दोन्ही घरांच्या कालवणाला सारखीच चव. सुभद्रेच्या सासूपासून हे चालत आलेलं. त्या वर्षी मसाला कुटून घरी आणला, बरण्या भरल्या आणि सुभद्रेच्या डोक्यात ते आलं.

पुढच्या महिन्याच्या पुड्या घेऊन दोघी हॉस्पिटलातून लालबागला आल्या होत्या. सुभद्रेने चहा टाकला आणि म्हणाली, "कमल, आपल्या पुड्या एकत्र करूया काय गो? भागीत. दोघींतल्या एकीची तरी खरी असेल. निम्मं-निम्मं तरी दोघींच्या पोटात जाईल."

कमल कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई ओरडेल." सुभद्रेचं म्हणणं, आपण आपली पुडी दुसऱ्याला देतोय कुठे, दोघींना सारखंच मिळणार. कमल हसली आणि म्हणाली, "चल, आण परात."

परातीत सगळ्या पुड्या ओतल्या, हाताने एकजीव केल्या आणि चमच्याने मोजून दोन बरण्यांत भरल्या. वास असा सुटला की शेजारीण दारात येऊन विचारून गेली, आज सुकट भाजताय का. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. रिकाम्या पुड्या हॉस्पिटलात परत द्यायच्या होत्या, त्या नीट बांधून ठेवल्या. पुड्या मिळत होत्या तोवर दर महिन्याला हे असंच चाललं.

हळूहळू सुभद्रेचं रक्त थांबलं. पोटातली कळ गेली. ती गौरी-गणपतीला माहेरी जाऊन आली, एसटीतून, मध्ये कुठे उतरावं न लागता. कमलचं मात्र बिघडत गेलं. पावसाळा सरता सरता तिला पुन्हा रक्त पडू लागलं, ताप आला, स्टेरॉइड लागू पडेना. हॉस्पिटलात घातलं, आतडं फुटलं, घाईघाईने ऑपरेशन झालं, त्यानंतर जंतू अंगभर पसरले. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ती गेली. सुभद्रा पांढरी साडी नेसून पुण्यानुमोदनाच्या विधीला गेली, भन्तेंच्या पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले तेव्हा हात जोडले, आणि परत आली. कमलची मुलगी प्रिती एका कोपऱ्यात बसली होती. सुभद्रा जवळ गेली तर ती पाणी आणायला म्हणून उठून गेली.

तेव्हापासून सुभद्रेच्या आत एकच प्रश्न होता, आणि तो विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. खरी पुडी कुणाची होती? आपली असेल, तर आपण आपलं निम्मं औषध मैत्रिणीला दिलं आणि तरी ती वाचली नाही. ते सोसता येईल. पण तिची असेल, तर आपण तिचं निम्मं औषध खाल्लं. आपल्याच तोंडातून निघालं होतं ते, भागीत करूया म्हणून. हे तिने गुणाजीलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तू कशाला मनाला लावून घेतेस. बिचाऱ्याला दुसरं काही म्हणताच आलं नसतं.

बुधवारी ती चालतच परळला गेली. वाटेत भाजीवाली ओळखीची, तिने हाक मारली, सुभद्रेने मान हलवली. हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर अक्षताच्या खोलीबाहेर बाकावर प्रिती बसलेली. तिलाही फोन आला होता. आई नसली तरी घरच्यांना कळवायचं असतं म्हणे. प्रिती कपड्यांच्या शोरूममध्ये कामाला, तशीच कामावरचा शर्ट घालून आली होती. सुभद्रेने विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, बरी आहे. मग दोघी समोरच्या भिंतीवरचं हात धुवायचं चित्र बघत बसल्या.

अक्षताने दोघींना एकदमच आत बोलावलं. कमलबद्दल दोन शब्द बोलली, ते मनापासूनचे होते. मग कॉम्प्युटरकडे बघून तिने सांगितलं, की सुभद्राकाकूंना औषध नसलेली भुकटी होती. कमलताईंना खरी.

सुभद्रेने ते ऐकलं. खोलीतला पंखा फिरत होता. ज्याची इतके महिने धास्ती घेतली ते झालं होतं आणि तिला काहीच झालं नव्हतं. हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. अक्षता पुढे बोलत होती, की काकू साध्या भुकटीवर बऱ्या झाल्या, असं काही जणांचं होतं, या आजाराची रीतच तशी आहे. तेव्हा सुभद्रा म्हणाली, "डॉक्टर, ती साधी नव्हती. आम्ही दोघींच्या पुड्या एकत्र करून खात होतो."

तिने सगळं सांगितलं. मसाल्याचं, परातीचं, बरण्यांचं. कल्पना आपली होती हेही सांगितलं. प्रिती खाली बघत होती.  अक्षताला राग आला असावा, आणि राग काढायला समोर कोण बसलं आहे ते बघून तो तिने गिळला. शेवटी म्हणाली, की हे तेव्हाच सांगायला हवं होतं, आता मला वर कळवावं लागेल.

सुभद्रेने विचारलं, "तिने सगळं तिचं तिने घेतलं असतं, तर ती वाचली असती?"

अक्षताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "काकू, मला माहीत नाही. खरी भुकटी घेणाऱ्यांत आणि साधी घेणाऱ्यांत एकूण फारसा फरक निघाला नाही. काहींना थोडा उपयोग झाल्यासारखा वाटतो, पण ते औषधाने की आपोआप, हे सांगता येत नाही. हा आजार आपोआप उतरतो, आपोआप चढतो. तुम्ही तिच्या वाट्याने बऱ्या झालात असंही कुणी म्हणू शकत नाही, आणि ती त्यामुळे गेली असंही नाही."

ती खरं बोलत होती. डॉक्टर माणसं कधी कधी समजूत काढण्यासाठी बोलतात, ही तसं बोलत नव्हती, आणि म्हणूनच सुभद्रेने ते वाक्य धरून ठेवलं. असंही नाही, तसंही नाही. एवढ्यावर माणूस जगू शकतो. रात्री कुशीवर वळताना म्हणायला पुरेल इतकं ते होतं.

दोघी जिना उतरून खाली आल्या. फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी प्रिती थांबली. तिने दोन चहा सांगितले. म्हणाली, "काकू, पहिल्या महिन्यात आईला बरं वाटत होतं."

सुभद्रा म्हणाली, की नाही, तुझी आई तर म्हणाली होती, काही फरक नाही म्हणून.

"तुम्हाला तसं सांगितलं. घरी बरी होती ती. रक्त थांबलेलं. रात्रभर झोपायची. मला म्हणाली, माझीच खरी आहे बघ, लागली लॉटरी. तुम्हाला फरक पडत नव्हता ना, म्हणून तुमच्यासमोर बोलायची नाही." प्रिती सांगत होती ते जणू पाठ केलेलं होतं, चार महिने मनात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं. "मग तुमच्याकडून ती बरणी घेऊन आली. मी खूप भांडले तिच्याशी. म्हटलं, तुझं औषध आहे, वाटून काय खातेस, जाऊन सांग काकूंना. तर म्हणाली, सांगितलं तर सुभद्रा घ्यायची नाही."

टपरीवाल्याने चहाचे ग्लास पुढे सरकवले, प्रितीने आपला घेतला नाही. सुभद्रेला कळत होतं की यावर आपण काहीतरी म्हटलं पाहिजे.

"मी खरंच घेतलं नसतं," ती म्हणाली.

"तिला ठाऊक होतं ते." प्रितीने नाक पुसलं. "मी तुमच्यावर खूप चिडले होते काकू. तुमच्याकडे बघवत नव्हतं मला, तुम्ही बऱ्या दिसायचात. आता नाही चिडलेली. पण ती डॉक्टर आत्ता काय म्हणाली? फरकच नाही म्हणाली. आपोआप म्हणाली. मग आईने दिलं ते काय होतं? नुसतंच गेली का ती?"

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. पोरीचे डोळे अगदी कमलसारखे होते असं काही नव्हतं. ती बापावर गेली होती. पण ती काय मागत होती ते सुभद्रेला स्पष्ट दिसलं. आणि ते द्यायचं तर डॉक्टरने दिलेलं वाक्य सोडावं लागणार होतं. असंही नाही आणि तसंही नाही, हे दोघींना एकदम ठेवता येणार नव्हतं. एकीला ते आधाराला हवं होतं, दुसरीला त्यानेच बुडवलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" प्रितीने विचारलं. "तुम्ही कशाने बऱ्या झालात?"

"तुझ्या आईच्या औषधाने," सुभद्रा म्हणाली.

"नक्की ना?"

"हो गो. माझं पोट मला कळत नाही? तुझ्या आईचंच खाऊन मी बरी झाले. नाहीतर मीच गेले असते."

प्रिती रडायला लागली, भर रस्त्यात, कामावरच्या शर्टात, लोक वळून बघत होते तरी. सुभद्रेने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली. तिला स्वतःला रडू आलं नाही. कमलचं आपण खाल्लं, हे आता कायमचं ठरलं होतं, तिच्याच तोंडाने, आणि ते मागे घ्यायला कुणी डॉक्टर येणार नव्हता. थोड्या वेळाने तिने टपरीवाल्याला पोरीचा चहा गरम करून द्यायला सांगितलं.